पुढची फट

मेणात बसवलेले नवे दात आजींच्या तोंडात ठेवून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हाती आरसा दिला. कवळी पक्की करण्याआधीची ही शेवटची चाचणी होती, आणि दात अगदी मोत्यांच्या सरीसारखे बसले होते. आजींनी मात्र मान हलवली.

"पुढच्या दोन दातांत फट हवी, बाळ. माझी होती तशी."

"अहो आजी, ती फट बुजवून घ्यायला लोक माझ्याकडे रांग लावतात!" डॉक्टरीणबाई हसल्या. "आणि हिरड्या सुजल्या तेव्हाच का नाही आलात? निम्मे दात तरी वाचले असते."

"ह्यांना आता काही आठवत नाही गं. सकाळ-संध्याकाळ ह्यांचे दात मीच घासून देते. एकही पडू दिला नाही बघ. माझ्याकडे बघायचं तेवढं राहून गेलं."

बोलता बोलता आजी दार उघडून बाहेर डोकावल्या आणि बाकावर बसलेल्या आजोबांकडे पाहून हसल्या. आजोबा अदबीने जरा सरकून बसले.

"बाई, आमची ही आत गेलीय. झालं का हो तिचं?"

डॉक्टरीणबाईंनी आजींच्या तोंडातले दात काढून घेतले, स्पिरिटचा दिवा पेटवला, मेण ऊन केलं आणि पुढचे दोन दात हलकेच एकमेकांपासून दूर सरकवले.

ते दात लावून आजी पुन्हा दारात जाऊन हसल्या.

"किती वेळ लावलास गं!" आजोबा काठी चाचपत उठले. "केव्हाचा एकटाच बसलोय मी."