समोरच्याची बाजू

"कशावरून?" आजोबांनी विचारलं.

नातीनं पेन्सिलीचं टोक चावत कागदाकडे पाहिलं. 'आजोबांचा घरात कुणालाच त्रास होत नाही,' असं तिनं लिहिलं होतं. पुरावा काय, ते तिला सांगता येईना. तिनं वाक्य खोडलं.

हे चार दिवसांपूर्वीचं. बाईंनी वर्गाला सांगितलं होतं, मनातला एक विषय घ्या, चार ठिकाणी चौकशी करा आणि वाचणाऱ्याला पटेल असं लिहा. बाकीच्यांनी मोबाइल, गृहपाठ असले विषय उचलले. हिनं घेतला 'आजोबांना वृद्धाश्रमात पाठवू नये'. आई-बाबांचं बोलणं तिच्या कानावर आलं होतं. जागासुद्धा बघून झाली होती. मात्र बाबांनी निक्षून सांगितलं होतं, की आजोबा नको म्हणाले तर विषय तिथंच संपला. रविवारी संध्याकाळी ते आजोबांना विचारणार होते. आजोबांचं उत्तर कधीच तयार होतं. या घरातून ते हलणार नव्हते.

शिवाय लिहायला शिकवणारे साक्षात आजोबाच. जन्मभर त्यांनी मुलांना हेच शिकवलं. मुलं त्यांना पाठीमागे 'कशावरूनमास्तर' म्हणत, आणि ते त्यांना मनातून आवडायचं.

"आधी समोरच्याची बाजू लिहायची, वकीलबाई," ते नातीला म्हणाले होते. "अशी लिहायची, की वाचून त्यानं म्हणावं, अगदी हेच मला म्हणायचं होतं. मग खुशाल खोडून काढ."

"म्हणजे त्यांचं काम मी करू? तेही फुकट?" ती कुरकुरली होती. पण केलं. शेजारच्या काकूंना विचारलं, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराला विचारलं. शेवटी इस्त्री करणाऱ्या आईला गाठलं. आईनं आधी तिला हाकललं. मग एकाच बाहीवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत ती बोलत राहिली.

आज रविवार. आई-बाबा बाजारात गेले होते. नात पलंगावर मांडी ठोकून वाचायला बसली.

आधी समोरच्याची बाजू. आजोबांकडून गॅस दोनदा उघडा राहिला. तेव्हापासून आई ऑफिसला जाताना सिलिंडर बंद करून जाते आणि आजोबांचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवते. आजोबा ऐकत होते. थर्मास आपल्याला वरचेवर चहा लागतो म्हणून आणला, असं त्यांना आजवर वाटत होतं. आई ऑफिसात डबा खाते तोही घरून फोन येईल या धास्तीनं, फोन हातात धरून. तिच्या रजा संपल्या. वरची जागा तिच्या हाताखालच्या बाईला मिळाली.

इथं नात थांबली. पुढचं वाचायला नको, म्हणाली.

"पुरावा लपवायचा नाही," आजोबा म्हणाले.

तिनं आवाज खाली आणला. मध्यंतरी एका संध्याकाळी आजोबांना हात धरून घरी आणणारा माणूस, आजोबा सांगतात तसा, त्यांचा जुना विद्यार्थी नव्हता. तो औषधांचा दुकानदार होता. आजोबा स्वतःच्याच घरासमोर उभे राहून त्याला घराचा पत्ता विचारत होते. त्यांनी त्याला कुठल्याशा मुलाच्या नावानं हाक मारली. त्याला नाही म्हणवेना. तो म्हणाला, हो सर, मीच.

आजोबांनी चष्मा काढला. ती गोष्ट त्यांनी जेवताना कितीतरी वेळा सांगितली होती. एवढा मोठा झाला पोरगा, पण विसरला नाही. आणि दर वेळी सगळ्यांनी, सूनबाईंनीसुद्धा, ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली होती.

"कशावरून?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"दुकानदारकाकांनाच विचारलं, आजोबा. मग खात्री करायला परत जाऊन विचारलं. तुम्हीच सांगितलं होतंत ना."

मग तिनं आपली बाजू वाचली. तिचा आवाज चढला. शाळेतून आलं की दार उघडायला कुणीतरी असतं. आजोबांना शुद्धलेखनाचे सगळे नियम येतात. ते गेले तर त्यांची खुर्ची वाईट दिसेल. आजोबांनी एकदाही 'कशावरून' विचारलं नाही. वाचून झाल्यावर कागद हातात घेऊन त्यांनी एक वेलांटी तेवढी दुरुस्त केली.

"पटलं?" तिनं विचारलं.

आजोबांनी कागदाची नीट घडी करून तिच्या हातात दिली.

"पटलं," ते म्हणाले.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. नात धावत सुटली. दारात आई उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या, मागे बाबा.

"आई, आजोबांना पटलं! मी पटवलं त्यांना!"

आई दमलेलं हसली आणि पिशव्या खाली ठेवायला वाकली. आतल्या खोलीत आजोबा कपाटावरची बॅग खाली काढत होते.