बारा फुटांवरची राणी

राणी जमिनीतून बारा फूट वर येणार होती, धुरातून, एकटी. दिग्दर्शकाला हे स्वप्नात दिसलं होतं म्हणे. नाटकाचा रंगमंच उभारणाऱ्या मिस्त्रींचा तीस वर्षांचा अनुभव असा, की दिग्दर्शकांच्या स्वप्नांना कधीच कठडा नसतो.

राणीला वर नेणारी लिफ्ट मिस्त्रींनी बनवली नव्हती. ते काम बाहेरच्या एका यंत्रवाल्या साहेबाला दिलं होतं. साहेबाने सकाळी लिफ्टच्या फळीवर वाळूची पोती ठेवली, मोबाईलवर बोट फिरवलं. पोती वर गेली, खाली आली. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. पडदा सरळ सरकला तरी टाळ्या वाजवणारा माणूस तो, त्याचं काय एवढं.

राणी म्हणजे मिस्त्रींची भाची. बहिणीने तिला नाटकात पाठवलं ते भावाच्या भरवशावर. झग्याचा घोळ सावरत ती फळीपाशी आली आणि तिने मामाकडे पाहिलं. मिस्त्री मध्ये आडवे आले.

"साहेब, तुम्ही चढलात का या लिफ्टवर?"

"मी कशाला? पोत्यांचं वजन माझ्या दुप्पट आहे."

"पोती पडली तर वाळू सांडते, बस. आमच्यात ज्याने बनवलं तो आधी चढतो. मग नट."

"मिस्त्री, हे सुतारकाम नाही. सगळं हिशेबात बसवलंय."

"मग बसा की हिशेबावर."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. दिवेवाला शिडीवरून खाली उतरला, शिंप्याने सुई थांबवली. आता माघार घेतली तर नाकच कापलं जाणार, हे साहेबाला कळलं. त्याने कोट काढला. घड्याळ काढलं. मोबाईल दिग्दर्शकाच्या हातात देऊन कुठलं बटण कधी दाबायचं ते दोनदा समजावलं. मग थंड पाण्यात घालावं तसं एक पाऊल फळीवर ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "कमरेला बांधायचा पट्टा आहे का कुठे?"

मिस्त्रींना रागसुद्धा आला नाही, नुसती किळस आली. सकाळपासून पोरीसाठी पट्ट्याचं नाव कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

पट्टा आला, बांधला. लिफ्ट निघाली. चार फुटांवर तिने एक हिसका दिला आणि साहेब रांगत्या पोरासारखा चारी पायांवर आला.

"बास. खाली घ्या."

खाली उतरल्यावर तो कोणाकडे न बघता घड्याळ बांधू लागला.

"चालली की पण," दिग्दर्शक म्हणाला. "चार फूट काय नि बारा फूट काय. चला राणीसाहेब, धूर सोडायचाय."

भाची जागची हलली नाही. मिस्त्रींनी कोपऱ्यातली लांब फळी ओढून आणली आणि खिशातून टेप काढली.

"हे काय चाललंय?"

"जिना."

"जिना? तीन दिवसांवर प्रयोग आलाय, मिस्त्री. राणी जिन्याने आली तर लोकांना काय वाटेल?"

"राणी स्वतःच्या पायांनी वर आली, असं वाटेल." मिस्त्रींनी टेप त्याच्यापुढे केली. "धरा हे टोक."

दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं. मग वाकून टोक धरलं.