पांदणीतला रामराम

"रामराम!" पंजाबरावांनी लुनावरूनच आवाज दिला.

शेतातून गावाकडे जाणाऱ्या पांदणीच्या मधोमध हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती. ती काही बोलली नाही. पंजाबरावांनी मनात तीनपर्यंत मोजलं आणि गाडी तिच्या अंगावर घातली. बाई विरून गेली. मागे बांधलेल्या दुधाच्या कॅना खडखडल्या, तेवढंच.

हे आता सवयीचं झालं होतं. दीड वर्षापासून त्यांच्या नजरेच्या मधोमध एक राखी डाग बसला होता. समोरच्याचं तोंड दिसत नसे, कडेकडेचं काय ते दिसे. मग त्या डागातूनच माणसं उभी राहू लागली. लुगड्याच्या काठावरची नक्षी मोजून घ्यावी, इतकी ठळक. खरी माणसं धुरकट आणि ही स्वच्छ.

नांदुऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, "बाबा, तुम्हाला वेड लागलेलं नाही. आतला पडदा खराब झाला की मेंदू आपल्या मनानं चित्रं काढतो. ती माणसं दिसतील, पण बोलणार नाहीत." आणि उठता उठता म्हणाले होते, "गाडी मात्र आजपासून बंद."

पंजाबरावांनी घरी यातली एकही गोष्ट सांगितली नाही. पहिली सांगितली असती तर म्हातारा भ्रमला म्हणाले असते. दुसरी सांगितली असती तर मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसावं लागलं असतं. गावात ज्याची गाडी सुटली, तो त्या ओट्यावर गेला. सकाळी उन्हाला बसायचं, दुपारी सावलीला सरकायचं. पोरं शेताच्या गोष्टी समोरच बोलत, पण विचारत कुणी नसे.

"बाबा, दूध मी आणतो. तुमी बसा ना आता निवांत," मुलगा हरिओम कालच म्हणाला होता.

"बसलेला मानूस तू कधी उठताना पाह्यला का बे?" पंजाबरावांनी विचारलं होतं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली होती.

शेतातल्या गोठ्यापासून वडनेरपर्यंत पांदण अरुंद. दोन्ही बाजूंना बोरीबाभळी. बाजूनं गाडी काढायला जागा नाही. दर वेळी थांबावं तर दूध डेअरीत वेळेवर पोचायचं नाही. म्हणून त्यांनी आपली युक्ती काढली होती. दिसेल त्याला रामराम घालायचा. जबाब आला तर माणूस, नाही आला तर डोळ्याचा खेळ. वडनेरात कुणी कुणाचा रामराम वाया जाऊ देत नाही. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून बोलणं तुटलेला धाकटा भाऊ राजकुमार तेवढा अकरा वर्षांत त्यांच्याशी बोलला नव्हता. पण तो तर तेव्हापासून ही पांदण सोडून नाल्याकडून फेऱ्यानं जायचा.

पुढच्या वळणावर पुन्हा कुणीतरी दिसलं. डोक्यावर भारा.

"रामराम!"

"रामराम, भाऊजी!" शेजारच्या मंजुळाबाईचा आवाज. "काऊन एवढे जोरात बोंबलता? मी का बहिरी हाय?"

"तू नाही वो, गाडी बहिरी झाली," म्हणत पंजाबरावांनी लुना थांबवली. ती अंग चोरून काट्यांना खेटून उभी राहिली, तेव्हा निघाले. युक्ती पक्की होती. त्यांना बरं वाटलं.

विहिरीच्या उतारावर तिसरा माणूस उभा होता. पांढरे कपडे, हात छातीजवळ घेतलेले असावेत. हा तितका ठळक नव्हता. धुरकट होता, आणि खांद्यावरचं उपरणं वाऱ्यानं हलत होतं. खोट्या माणसांची लुगडी कधी हलली नव्हती. पंजाबरावांच्या ते लक्षात आलं. मनात कुठंतरी टोचलंही.

"रामराम!"

पाखरं ओरडत होती. माणूस गप्प.

"रामराम म्हनलं ना!"

काही नाही. एक. दोन. तीन. पंजाबरावांनी लुनाची मूठ पिळली.

आधी आवाज आला, मग धक्का. गाडी आडवी पडली. कॅनांची झाकणं उडाली आणि दूध भळाभळा उतारावरून वाहायला लागलं. पंजाबराव कोपरांवर पडले. काही क्षण त्यांनी कान देऊन ऐकलं. पुढं अंधारल्या डागापलीकडे कुणीतरी कण्हत होतं.

खोटी माणसं कण्हत नाहीत.

ते गुडघ्यांवर सरकत गेले. हाताला धोतर लागलं. आत पाय मांडीपासून भलतीकडेच वळलेला. त्याच्या बाजूला मातीत दाणे सांडलेले होते. त्यांनी चिमूट उचलून डोळ्याच्या कडेशी धरली. तांदूळ. हळद लावलेले. लग्नाचं आवतण द्यायला घरोघर नेतात त्या अक्षता.

"कोन हाये?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांना कळलं होतं.

"पुष्पांजलीचं लगन जमलं," खालून आवाज आला. अकरा वर्षांनी तोच, थोडा जाड झालेला. राजकुमारची लेक पुष्पांजली. लहानपणी याच लुनावर पुढे बसून शेतात यायची. "म्हनलं, पयली अक्षत दादाच्या हाती."

"मंग बोलला काऊन नाही रे, राजा? दोनदा रामराम घातला मी. दोनदा!"

राजकुमारनं चाचपडत त्यांची बाही धरली.

"तुमी आवाज देला अन् गळाच दाटला माह्या. निघेच ना काही," तो म्हणाला. "पन हात जोडले होते, दादा. दोन्ही रामरामाले हात जोडले होते."