उन्हात मांडलेला माल

रंजिता रिक्षातून उतरली आणि जागीच थिजली. वडप्याच्या मालवाहतुकीच्या गोदामाच्या ओट्यावर, भर उन्हात, तिच्या प्रयोगशाळेसाठी आलेल्या काचेच्या कुप्या एका ओळीत मांडल्या होत्या. त्यांची काळी पिशवी आणि बर्फाचा डबा बाजूला उघडा पडला होता.

"हे कुणी बाहेर काढलं?"

"मीच," सुपरवायझर भावेश ऐटीत म्हणाला. "हितं नियम हाय मॅडम. खोका खोलायचा, माल उजेडात मांडायचा, फोटो काढायचा, मंग पार्टीला द्यायचा. मागनं भांडण नको. सकाळधरनं मांडून ठेवलंय तुमच्यासाठी. एक बाटली फुटली न्हाय."

"खोक्यावर लिहिलंय ना, उजेड लागू देऊ नका म्हणून!"

"सगल्याच खोक्यांवर कायतरी लिवलेलं असतं."

रंजिताच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या कुप्यांत चमकत्या रंगाची प्रतिपिंडं होती. रक्तातल्या 'बी' नावाच्या पांढऱ्या पेशींच्या अंगावरची प्रथिनं हुडकून ती त्यांना चिकटतात. यंत्रात रंग चमकला की पेशी ओळखू येते. उजेडाने रंगच उडाला तर यंत्र आंधळं! आणि तिकडे प्रयोगशाळेत पुतळाबाईंचं रक्त वाट बघत होतं. जन्मभर सुईला भ्यालेल्या त्या खारबावच्या म्हातारीने, "कुनाच्या तरी उपेगी पडंल," म्हणत सकाळी हात पुढे केला होता. दुपारी या पेशी मारणारं तिचं औषध सुरू झालं. आता त्या तिच्या अंगात उरणारच नव्हत्या. सकाळचं रक्त उद्यापर्यंत टिकणार नव्हतं आणि तसलं पुन्हा मिळणारही नव्हतं. अन् हा माणूस, बाटली फुटली नाही म्हणून शाबासकी मागत होता!

"वाट लावलीत तुम्ही! एका बाईचं रक्त फुकट घालवलंत!"

"रक्त?" भावेशने एक कुपी उचलून उन्हात धरली, निरखून पाहिली. "ह्यात कुटं रक्त हाय? तुमी उगाच तापताय. माल नीट मिळाला म्हनून सही करा."

"मी नाही करणार."

तो काही बोलणार, एवढ्यात त्याची नजर पलीकडे गेली. ट्रकमधून उतरवलेले कापडाचे रंगीत तागे हमालांनी अंगणातच ठेवले होते. कुपी ओट्यावर ठेवून भावेश तिकडे धावला.

"ओ महमूदभाई! तागे आत घ्या पयले! उन्हात रंग उडतो, म्हाईत न्हाय काय?"