कोठाराची गार भिंत

सुट्टीत सगळं घर समुद्रातला किल्ला बघायला आलं होतं. दारूगोळ्याच्या गोल, घुमटाच्या कोठारात गाइड तिथल्या गोल भिंतीची गंमत दाखवत होता, तेव्हा थोरल्या सुनेला तटावर फोटो काढून घेण्यातून सवड नव्हती. धाकटीने मात्र सगळं कान देऊन ऐकलं. पुरुषमंडळी मुलांना घेऊन बुरुजावर गेली, तशी तिने दमलेल्या सासूबाईंना कोठारात आणून बसवलं. "आई, भिंतीला डोकं टेकून बसा. गार वाटेल."

मग थोरल्या जावेचा हात धरून ती तिला समोरच्या बाजूच्या भिंतीशी घेऊन गेली.

"वहिनी, आईंची सोनसाखळी गेली तेव्हा पाहुण्यांदेखत माझं कपाट उपसलंत. अजूनही घरात काही सापडेनासं झालं, की सगळे माझ्याकडेच बघतात. आता तरी खरं सांगा. मी कितीही ओरडले तरी माझं ऐकणार आहे कोण?"

थोरलीने लांब बसलेल्या सासूबाईंकडे एकदा पाहून घेतलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"भिंतीकडे तोंड करून हळू बोला," धाकटी म्हणाली, "म्हणजे त्यांना ऐकू जायचं नाही."

थोरली गालातल्या गालात हसली आणि भिंतीशी पुटपुटली, "मीच विकली. म्हातारीला कसला पत्ता लागतोय? माझ्यावर आंधळा विश्वास आहे तिचा."



क्षणभराने तिच्या कानाशी भिंतच बोलली, सासूबाईंच्या आवाजात: "सूनबाई, घरी गेल्यावर आता तुझं कपाट उपसायचं."