विद्यार्थिनी क

“फक्त खाली नाव लिही, बिट्टी. एवढंच राहिलंय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार पस्तीस. पाचला विद्यापीठाचं संकेतस्थळ बंद होणार होतं, आणि ते एकदा बंद झालं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

शाळा सुटली होती. कॉम्प्युटरच्या खोलीत तिघंच उरले होते: पाचवीच्या बाई, त्यांच्या वर्गातली अकरा वर्षांची बिट्टी आणि कॉम्प्युटरचे सर. सरांनी बाईंच्या प्रकल्पाची एकशे बारा पानं चढवून ठेवली होती. शेवटच्या पानासाठी ते माउसवर हात ठेवून बसले होते.

बाईंची नोकरी वीस वर्षांची. बी.एड. कधीच झालेलं. तरी दोन वर्षं पहाटे उठून, पोस्टानं येणारी पुस्तकं वाचून त्या समावेशक शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होत्या. सगळ्या मुलांना एकाच वर्गात घेऊन, ज्याला जसं जमेल तसं कसं शिकवायचं, त्याचा अभ्यास. शेवटचा प्रकल्प एका मुलावर लिहायचा होता. बाईंनी बिट्टीवर लिहिला. गेल्या वर्षी मुदत हुकली होती, ही शेवटची संधी. आज हुकलं तर दोन वर्षं पाण्यात.

नियम असा की मूल दहा वर्षांच्या वरचं असेल तर पालकांच्या सहीबरोबर त्याचीही संमती हवी. आईची सही केव्हाच झाली होती. मुलीचं काय, एका मिनिटाचं काम, म्हणून बाईंनी ते पान शेवटच्या दिवसावर ढकललं. सहलीचा असो, शिष्यवृत्तीचा असो, फॉर्म बाईंनी भरायचा आणि मुलांनी खाली नाव लिहायचं, ही शाळेची रीतच होती. याही पानावर बाईंनी ‘होय’च्या चौकटीत टिक करून ठेवली होती.

बिट्टीनं नाव लिहिलं नाही. तिनं दप्तरातून पट्टी काढली. जाड पुठ्ठ्याची, मधे ओळीएवढी खिडकी कापलेली. एरवी कागदावरची अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे हलायची. खिडकीतून एकच ओळ दिसली की गपगुमान जागेवर राहायची. या पट्टीबद्दल बाईंनी प्रकल्पात चांगली अकरा पानं लिहिली होती.

“ही आता वाचत बसणार?” सर म्हणाले. “बाई, हात धरा तिचा आणि संपवा एकदाचं.”

“वाचू दे.” मुलाला हवा तेवढा वेळ द्यावा, असं प्रकल्पात बाईंनीच लिहिलं होतं. लिहायला काय जातं? आता मात्र त्यांची नजर घड्याळावरून हलत नव्हती.

पट्टी एकेक ओळ सरकत तळाशी आली आणि थांबली.

“बाई, इथं आधीच टिक आहे.”

“मी केली, बाळा. तुझा वेळ वाचावा म्हणून.”

“पण मला अजून विचारलं कुठं?”

बाईंचे कान तापले. “सर, कोरं पान काढा.”

“प्रिंटरचे नखरे तुम्हाला माहीत आहेत, बाई.”

“काढा हो.”

पान बाहेर यायला सहा मिनिटं गेली. बिट्टीनं पुन्हा पहिल्या ओळीपासून पट्टी लावली. सरांनी कपाळाला हात लावला.

“माझं नाव येणार यात?”

“नाही. नाव द्यायचं नसतं. तुला ‘विद्यार्थिनी क’ म्हटलंय.”

बिट्टीला ते आवडलं. “आणि पट्टीचं येणार?”

“पट्टीचं तर खूप आहे. मी ती कशी तयार केली, तुला कसा उपयोग झाला, सगळं.”

“तुमची खिडकी मोठी झाली होती,” बिट्टी म्हणाली. “तीन-तीन ओळी दिसायच्या. मग मी घरी ही दुसरी कापली. तुम्हाला दाखवली होती.”

दाखवली होती. बाईंनी तिची पाठही थोपटली होती. आणि प्रकल्पात याच पट्टीच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘संशोधिकेने तयार केलेले साधन’. खोटं लिहायचं म्हणून नव्हतं लिहिलं. लिहिता लिहिता पट्टी बाईंची झाली होती.

“मी कापली, ते आहे त्यात?”

“नाही.”

“आता घालता येईल?”

“अकरा पानं?” सर म्हणाले. “आठ मिनिटांत?”

“नाही येणार,” बाई म्हणाल्या.

बिट्टीनं थोडा विचार केला. मग पेन्सिल घेतली, ‘नाही’च्या चौकटीत बारीकशी टिक केली आणि खाली एकेक अक्षर जुळवत आपलं नाव लिहिलं. बाईंना तिचा राग आला. खरंच आला. मुकाट्यानं सही केली असती तर काय बिघडलं असतं या पोरीचं?

बिट्टी दप्तर भरायला वळली. सरांनी टेबलावरून खोडरबर बाईंकडे सरकवला.

“पेन्सिल आहे,” ते हळूच म्हणाले. “चार मिनिटं आहेत अजून. कोण बघायला येतंय?”

बाईंनी खोडरबर उचलला. मुठीत धरून त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मग तो त्यांनी सरांच्या पुढ्यात परत ठेवला आणि पर्समधून आपलं पेन काढलं.

“बिट्टी, इकडे ये. यावर पेनानं गिरव,” त्या म्हणाल्या. “पेन्सिलीचं कुणीही खोडतं.”