श्वासाला साडेनऊ

"बाबा, दादाच्या तीन मिक्सटेपपैकी तुम्हाला कुठली आवडली?"

प्रश्न धाकटीचा नव्हता. शाळेच्या जिन्यावर मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "जगातल्या सगळ्या गायकांची पिसं काढतेस ना? मग तुझ्या बाबांना एवढं विचारून दाखव." तिने ऐटीत "त्यात काय!" म्हटलं होतं. आता रविवारी दुपारी, चार खुर्च्यांच्या टेबलाशी तिघं जेवत असताना, ते "त्यात काय" तिला निभावायचं होतं.

बाबांचा घास हातातच राहिला. आईने उगाचच मीठ पुढे सरकवलं.

"या घरात ते गाणं वाजत नाही," बाबा म्हणाले. "ज्याला वाजवायचं होतं, तो गेला. सोडेल तेव्हा येईल."

दोन वर्षं झाली होती. दादाने गाणं सोडलं नव्हतं आणि बाबांनी शब्द. दादाची खबरबात म्हणजे अधूनमधून नेटवर पडणारी एखादी मिक्सटेप, त्याच्या रॅप गाण्यांचा संच.

"मग मीच सांगते," धाकटी म्हणाली. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, एकही न गाळता ऐकायचा आणि मगच तोंड उघडायचं, हा तिचा नियम. पण एकदा उघडलं की ते मिटायचं नाव नाही. "पहिली मिक्सटेप, सहा मार्क. नुसता संताप. प्रत्येक गाण्यात तुम्ही आहात बाबा, धुऊन वाळत घातलंय तुम्हाला. एक गाणं पुरे होतं की! दुसरी, साडेसात. त्यात आई आहे. जरा रडकी आहे, पण तो शब्द जोडायला शिकलाय. आणि तिसरी..." तिने बोट चाटलं. "साडेनऊ! गणिताच्या मास्तरांची पोरगी आहे मी, अर्धा मार्कसुद्धा फुकट देत नाही. तरी साडेनऊ."

"एवढं काय आहे तिसऱ्यात?" आईने विचारलं. बाबांसमोर दादाबद्दल ती दोन वर्षांत प्रथमच बोलत होती.

"श्वास, आई! आधी तो नुसता सुटायचा, लवंगी फटाक्यांची माळ. आता ओळ मधेच तोडतो, श्वास घेतो, पुढे जातो. आणि तो श्वास तसाच ठेवतो. बाकीचे सगळे कापून टाकतात गं! मी त्याला कळवलंसुद्धा. म्हटलं, दादा, हा श्वास म्हणजे कहर आहे, हा सोडू नकोस."

"मग?"

"हसरा चेहरा पाठवला नुसता. भाव खातो हल्ली."

तिने फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभा केला आणि बाबांकडे पाहिलं. ते ताटात बघत होते. नको म्हणाले नाहीत. तिने गाणं लावलं.

दादाचा आवाज घरात आला. ओळ. श्वास. अर्धी ओळ. श्वास. "आता ऐक हं, आता येईल," म्हणत धाकटी डोळे मिटून डोलू लागली. डोळे उघडले तेव्हा आई फोनकडे बघत नव्हती. तिचा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून हळूहळू फिरत होता. वरून खाली, वरून खाली.

"बंद कर ते," आई म्हणाली.

"आई, ऐक तरी पूर्ण..."

"श्वास सोडताना तळाशी शिटी वाजते, ती ऐकलीस?"

"तो इफेक्ट असतो. मुद्दाम टाकतात."

"छाती वाजतेय त्याची." आईचा आवाज अगदी खाली गेला. "लहानपणी दम्याने असाच तडफडायचा. त्याची पाठ चोळत बसायचे मी. तू झालीस तोवर थांबलं होतं सगळं. तुला कुठून कळणार?"

धाकटी बाबांकडे वळली. आता ते म्हणतील, काहीतरीच काय.

"परत लाव," बाबा म्हणाले.

तिने लावलं. या वेळी तिला गाणं ऐकूच आलं नाही. दोन शब्दांच्या मध्ये कुणीतरी बंद खोलीतून बाहेर यायला धडपडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. त्या धडपडीला तिने मार्क दिले होते. वर बजावलं होतं, सोडू नकोस.

"कधीची आहे ही?"

"महिना झाला, बाबा."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काहीच नाही." एवढे दिवस ती मैत्रिणींना सांगत होती, दादा गप्प आहे म्हणजे काहीतरी मोठं शिजतंय.

आईने फोन लावला. रिंग वाजत वाजत संपली. पुन्हा लावला.

"झोपला असेल," बाबा म्हणाले. हाताला लागलेलं अन्न वाळून गेलं होतं. "संध्याकाळी बघू. लहान आहे का आता तो? इतकंच होतं तर त्याने एक फोन..." फोन करायचा तो गाणं सोडलं हे सांगायलाच, असं त्यांनीच ठरवून दिलं होतं.

धाकटी उठली. हात धुतले, ओल्या हातांनीच बूट चढवले. लेस न बांधता तशाच आत कोंबल्या.

"कुठे निघालीस?"

"पत्ता आहे माझ्याकडे. तुम्हाला द्यायचा नाही, असं वचन घेतलं होतं त्याने." तिने दार उघडलं. "आई, तो दम्याचा ओढायचा पंप कुठला, ते सांग मला. बाबा, यायचं असेल तर चला. नाहीतर मी एकटी जातेय. मी दादाला घरी आणणार आहे. गाण्यासकट."